एका न आलेल्या कॅसिनोविषयी

चिखलीत कॅसिनो नाही. बुलढाणा जिल्ह्यात नाही, उभ्या वऱ्हाडात नाही, आणि ज्या मुंबई नगरीविषयी असा संशय घ्यावा तेथेही कायदेशीर म्हणावा असा एकही नाही. तथापि एखादी वस्तू गावात नसल्यामुळे तिच्याविषयी मत बाळगण्याचा हक्क बुडतो, असे आमच्या गावाने कधीच मानलेले नाही. आमच्याकडे रेल्वेही नाही. परंतु खामगाव-जालना लोहमार्ग कोठून यावा, स्थानक गावाच्या कोणत्या अंगाला असावे आणि गाडीने तेथे किती मिनिटे थांबावे, या विषयांवर येथे पिढ्यानुपिढ्या इतक्या तपशीलवार बोलले गेले आहे, की परगावचा माणूस ते नुसते ऐकून बिछाना आवळू लागेल आणि फलाटाची वाट विचारील. तोच न्याय कॅसिनोला. बसस्थानकाजवळच्या केशकर्तनालयात, जेथे एका वर्तमानपत्राची पाने चार गिऱ्हाइकांत वाटून वाचली जातात आणि त्यामुळे प्रत्येकाचे मत चतुर्थांश माहितीवर परंतु पूर्ण निश्चयाने उभे असते, तेथे पणजीच्या जहाजांवर कर किती असावा आणि मुंबईने रात्री किती वाजेपर्यंत जागावे, याचा निकाल दर रविवारी दिला जातो. या न्यायपीठावर एक सेवानिवृत्त नायब तहसीलदार आहेत, बाजार समितीतले एक अडते आहेत, आणि हाती वस्तरा असल्यामुळे ऐन मोक्याच्या क्षणी ज्यांच्याशी कोणी वाद घालीत नाही असे दुकानाचे मालक आहेत.

या प्रश्नाची दप्तरी हकीकत मात्र त्या न्यायपीठाच्या चर्चेहूनही अधिक रंजक आहे. 1976 साली, देशात आणीबाणी असताना, म्हणजे चार माणसांनी एकत्र जमून राजकारण बोलणे जिवावरचे असताना, आपल्या विधिमंडळाने चार माणसांनी एकत्र जमून रूलेट कसे खेळावे याविषयीचा एक अधिनियम संमत केला. त्याचे नाव महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम. मुख्यमंत्रिपदी तेव्हा शंकरराव चव्हाण होते, ज्यांच्या करड्या शिस्तीमुळे अवघे राज्य त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत असे. आणि हेडमास्तरांच्या शाळेत जुगाराचा तास वेळापत्रकात लागावा, पण त्या तासाची घंटा मात्र कधी होऊ नये, ही गोष्ट मला त्यांच्या लौकिकास धरूनच वाटते. कारण अधिनियमात परवाना कोणाकडून घ्यावा आणि कर कसा भरावा हे होते, फक्त शासन राजपत्रात जो दिनांक जाहीर करील त्या दिनांकापासून तो अंमलात येईल अशीही एक तरतूद होती, आणि तो दिनांक काही केल्या उगवेना. मुख्यमंत्री आले व गेले, पक्ष फुटले व जुळले, आणि हा कायदा 47 वर्षे पुस्तकात निजून राहिला. आमच्या नायब तहसीलदारसाहेबांच्या मते प्रशासनाच्या दृष्टीने याहून आदर्श कायदा होणे नाही. कारण त्याचे पालन करणे कोणास शक्य नव्हते, त्याचा भंग करणेही कोणास शक्य नव्हते, आणि त्यापायी कोणा कारकुनास एक विवरणपत्रसुद्धा भरावे लागले नाही. अखेरीस 2023 साली मंत्रिमंडळाने ठराव केला, निरसनाचे विधेयक आले, आणि ज्याचे बारसे कधी झाले नव्हते त्याचे दहावे रीतसर उरकण्यात आले.

याच्या उलट गोव्याचे. तेथेही 1976 सालीच कायदा झाला. पण तो सार्वजनिक जुगाराचा प्रतिबंध करणारा. पुढे 1992 साली त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतून नाणी गिळणाऱ्या यंत्रांना मुभा मिळाली, आणि 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांची व चक्राची टेबले मांडता येऊ लागली. म्हणजे एकाच वर्षी दोन शेजाऱ्यांनी दोन कायदे केले: एकाने जुगारास अनुमती देणारा कायदा करून जुगार होऊ दिला नाही, आणि दुसऱ्याने जुगारास बंदी करणारा कायदा करून कॅसिनो थाटले. या दोहोंत अधिक प्रामाणिक कोण, हे ठरविणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु कायद्याचे नाव वाचून त्याच्या परिणामाचा अंदाज बांधू नये, एवढा धडा बाजार समितीत हमीभाव ऐकून सोयाबीन घेऊन जाणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास निराळा शिकवावा लागत नाही.

त्या गोमंतकीय दुरुस्तीतली मौज अशी, की माणसाने माणसाला हाताने पत्ता वाटायचा असेल तर खाली पाणी असले पाहिजे. जमिनीवरच्या हॉटेलात केवळ यंत्राशी खेळता येते. तोच किलवरचा गुलाम पणजीच्या धक्क्यावर टाकला तर गुन्हा, आणि धक्क्यापासून नावेने चार हात पुढे जाऊन मांडवीच्या पात्रात टाकला तर पर्यटन. पातक पाण्यात विरघळते ही आपल्याकडची श्रद्धा प्राचीन आहेच. पण त्यासाठी स्नान करावे लागत असे. आता नुसते तरंगले तरी भागते. जहाजे मात्र समुद्राच्या वाटेला जात नाहीत. ती राजधानीच्या समोर, जुन्या सचिवालयातल्या माणसास खिडकीतून दिवे मोजता यावेत इतक्या अंतरावर नांगर टाकून बसली आहेत, आणि निवडणूक आली की ती तेथून हलविण्याचे वचन सर्वपक्षीय एकमताने दिले जाते. 2020 च्या फेब्रुवारीपासून तर खुद्द गोवेकरांस कॅसिनोत प्रवेश बंद करण्यात आला. पाहुण्यांनी हरावे, घरच्यांनी हरू नये, हे यजमानधर्माचे सूत्र काही गोव्याने नव्याने काढलेले नाही. माँटे कार्लोचे विख्यात द्यूतगृह ज्या मोनाको संस्थानात आहे, तेथील प्रजाजनांनाही तेथे पण लावता येत नाही. आणि त्या द्यूतगृहाच्या उत्पन्नावर संस्थान इतके सुखवस्तू झाले, की 1869 पासून प्रजेला प्राप्तिकर माहीत नाही. आमच्या अडत्यांचा कॅसिनोस जो पाठिंबा आहे तो सर्वस्वी या एका वाक्यावर आधारलेला आहे, आणि ते वाक्य त्यांना प्रथम ऐकविल्याबद्दल नायब तहसीलदारसाहेब आजही पस्तावतात.

कराचा विषय निघाला म्हणून सांगतो. आर्य चाणक्याने द्यूताध्यक्ष नावाचा एक सरकारी अंमलदारच नेमलेला आहे. जुगार एकाच नेमलेल्या जागी खेळावा, अन्यत्र खेळणारास 12 पण दंड करावा, फासे सरकारातून भाड्याने द्यावेत आणि जिंकणाऱ्याच्या जिंकलेल्या रकमेतून शेकडा 5 घ्यावे, अशी त्याची व्यवस्था होती. हा माणूस कुटिल म्हणून जगभर बदनाम झाला. आता आपली वस्तू व सेवाकर परिषद पाहा. 2023 च्या ऑक्टोबरापासून कॅसिनोत शिरणाऱ्याने ज्या टिकल्या विकत घ्यायच्या त्यांच्या पूर्ण किमतीवर शेकडा 28 कर बसला, आणि 2025 च्या सप्टेंबरात तो 40 झाला. कौटिल्य जिंकणाऱ्याकडून घेत असे, परिषद हरणाऱ्याकडूनही घेते, आणि तेही तो हरण्यापूर्वी. तरी तिला कोणी कुटिल म्हणत नाही, कारण ती समिती आहे.

विदर्भाला या विषयात बोलण्याचा काही विशेष अधिकार आहे, हे येथे नम्रपणे नमूद केले पाहिजे. आमचे आद्य जावई नलराजे. भीमकराजाची कन्या दमयंती वरून ते निषधास गेले, आणि पुष्कराशी फासे खेळून राज्य, कोश, वाहने एकामागून एक हरून नेसत्या वस्त्रानिशी वनात गेले. एकट्या दमयंतीला मात्र पणास लावण्यास त्यांनी नकार दिला, आणि या एका गोष्टीत आमचे जावई हस्तिनापूरकरांपेक्षा शतपटीने सभ्य ठरतात. पुढे अयोध्येच्या ऋतुपर्णाकडून त्यांनी अक्षविद्या शिकून घेतली, मोबदल्यात त्याला घोडे हाकण्याची विद्या दिली, आणि परत येऊन एका डावात राज्य जिंकले. कौशल्य संपादन केल्यावर जुगार हा जुगार राहत नाही, हा जो मुद्दा आजकाल निष्णात वकील तासाच्या दराने मांडतात, तो नलराजांनी प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध केलेला आहे. दुसरे उदाहरण रुक्मीचे. भोजकटास अनिरुद्धाचे लग्न लागले, तेव्हा मुलीकडच्या रुक्मीने वराकडच्या बलरामदादांना फाशांना बसविले. दादांना खेळ यथातथाच येत असल्याने प्रथम ते हरले, मग जिंकले, मग जिंकल्याचे रुक्मीने मान्य केले नाही, आणि वधूच्या आजोबांचा तेथेच अंत झाला. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री जानवशात सतरंजीवर जे डाव रंगतात त्यांस एवढे मोठे शास्त्रप्रामाण्य असल्याचे मुलीच्या बापास बहुधा ठाऊक नसते; अन्यथा तो आहेराच्या यादीपूर्वी गदांची यादी करील.

आता प्रत्यक्षाकडे वळू. वर्तमानपत्राच्या एका पानावर मांडवीतल्या जहाजाचे रंगीत छायाचित्र असते, आणि पाठीमागच्या पानावर, नेमके त्याच जागी, आमच्या पंचक्रोशीतल्या एखाद्या शिवारात पडलेल्या छाप्याची वार्ता. तिचा साचा ठरलेला. गुप्त खबऱ्याकडून खबर मिळते. दोन पंच बोलावले जातात. बाभळीच्या झाडाखाली खताच्या रिकाम्या पोत्यावर काही इसम ‘एक्का बादशाह नावाचा खेळ पैशाच्या हारजितीवर’ खेळताना मिळून येतात. मग अंगझडती. मग मुद्देमाल: 52 ताशपत्ते, नगदी, मोबाईल, झाडाला टेकून ठेवलेल्या मोटारसायकली, आणि ते पोतेसुद्धा. पत्त्यांची किंमत पंचनाम्यात ‘अंदाजे’ लिहिली जाते, आणि मोटारसायकलींची किंमत जोडल्यामुळे बाभळीखाली बसलेल्या या दरिद्री मैफलीची उलाढाल मथळ्यात लाखांवर जाते. जाहीर जागेतल्या जुगाराचे कलम 12 (अ) आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. संविधानाच्या कलमांविषयी तसे म्हणता येणार नाही.

जहाज आणि बाभूळ यांत फरक कोणता, याचा मी बराच विचार केला आहे. दोन्हीकडे पत्ते तेच, चेहरे तेच. जहाजावर घड्याळ लावीत नाहीत. बाभळीखाली ते कोणी पाहत नाही. जहाजावर प्रवेशमूल्यात जेवण येते. बाभळीखाली पोह्यांचा पुडा येतो. जहाजावर गणवेश घातलेला मनुष्य हरलेल्याच्या टिकल्या ओढून नेतो. बाभळीखालीही गणवेश घातलेलाच मनुष्य येतो, मात्र तो जिंकलेल्याचेही नेतो. राहता राहिली खुर्ची. खुर्चीवर बसून हरणारा तो पर्यटक, आणि पोत्यावर बसून हरणारा तो आरोपी; बाकी नीतिशास्त्राचा जो म्हणून भाग आहे तो सगळा या फर्निचराच्या भोवती रचलेला आहे.

हिशेब केला तर यात आणखी एक अन्याय निघतो. अड्डा चालविणारा प्रत्येक डावातून जो आपला भाग काढतो त्यास आमच्याकडे नाल म्हणतात, आणि नाल कॅसिनोवालाही काढतोच, फक्त ती चक्राच्या घडणीतच बसविलेली असते. युरोपीय धाटणीच्या रूलेटला घरे 37 आणि नेमका आकडा आल्यास लाभ 35 पट, म्हणून त्याची नाल सरासरी शेकडा 2.7 पडते. मटक्यात अंक 10 आणि देणे एकास नऊ. तेथे शेकडा 10 सरळ जातात. मोनाकोत आलेल्या परक्या राजपुत्रापेक्षा आठवडी बाजारातल्या हमालाला हरणे जवळजवळ चौपट महाग पडते. शिवाय या मटक्याचे मूळ आमच्याच मातीतल्या पिकात आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले उघडते व बंद होणारे भाव मुंबईस तारेने येत, आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. ते भाव येणे थांबले तेव्हा कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी साठीच्या दशकात आकडे काढण्याची स्वतंत्र सोय केली. कापूस गेला आणि आकडा राहिला. ज्या खामगावची कापूसपेठ पाहून इंग्रजांनी 1870 साली खास रेल्वेचा फाटा आणला, त्या मुलखात याचे विशेष दुःख व्हावे; पण होत नाही.

रमीचे प्रकरण निराळे. सर्वोच्च न्यायालयाने 1967 सालीच सांगून ठेवले आहे, की तीन पत्ती हा निव्वळ दैवाचा खेळ, परंतु रमीत पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, सबब रमी प्रामुख्याने कौशल्याची. तेव्हापासून छाप्यात सापडलेला प्रत्येक इसम आपण रमीच खेळत होतो असे शपथेवर सांगतो, आणि पोत्यावरची उताणी तीन पाने त्याला खोटे पाडतात. 2025 च्या जुलैत तर रमीने विधान परिषदेत प्रवेश केला. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत विरोधकांनी प्रसृत केली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेली ती वस्तू दूर सारीत होतो, असा त्यांनी खुलासा केला. खुलाशावर विश्वास ठेवावा असेच माझे मत आहे. परंतु थोड्याच दिवसांत कृषी खाते त्यांच्याकडून काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले, आणि एवढा सूक्ष्म विनोद आपल्या राज्यशकटाने जाणूनबुजून केला असेल यावर मात्र माझा विश्वास बसत नाही. पुढच्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, कौशल्य असो वा दैव. तेव्हा नलराजे आज परत आले, तर त्यांना फासे प्रत्यक्ष टाकावे लागतील, आणि ते मांडवीत.

रिसॉर्टविषयी दोन शब्द. आमच्या भागात ही संस्था पर्यटनातून आलेली नाही, ती लोकशाहीतून आली. सभापतीची निवडणूक लागली की सदस्य ‘सहलीवर’ जातात. ते कोठे गेले हे घरच्यांनाही ठाऊक नसते, दूरध्वनी बंद असतात, आणि मतदानाच्या सकाळी ते काळ्या काचांच्या गाडीतून, अंगाने जरा भरलेले, थेट सभागृहाच्या दारात उतरतात. या ग्रामीण प्रथेचे भव्य रूप 2022 च्या जूनमध्ये महाराष्ट्राने पाहिले. सुरत, गुवाहाटी आणि गोवा अशा क्रमाने आमदारांची यात्रा हॉटेलांतून फिरली, तीत आमच्या जिल्ह्याचेही दोन आमदार होते, आणि सांगोल्याच्या आमदारांनी फोनवरून तेथील झाडी, डोंगर व हाटील यांची जी वाखाणणी केली ती कोणत्याही पर्यटन महामंडळास अद्याप साधलेली नाही. कॅसिनो नसलेल्या हॉटेलात एवढा मोठा पण लागल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही: डावावर अख्खे राज्य होते, आणि ते जिंकलेही गेले. त्या ठिकाणी पंचनामा झाल्याचे ऐकिवात नाही. खुर्च्या होत्या.

रात्रीच्या जीवनाविषयी मुंबईकरांत 2020 पासून मोठा खल चालू आहे, आणि 2025 च्या ऑक्टोबरात तर शासनाने मद्याची दुकाने वगळून राज्यातील सर्व आस्थापनांना अहोरात्र उघडे राहण्याची मोकळीक असल्याचे स्पष्ट केले. ही वार्ता चिखलीत पोहोचली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि ती ऐकायला उघडे असे एकही दुकान नव्हते. खामगाव चौफुलीवर पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट पाहणारी पोरे आणि त्यांच्या पिशवीत चटणीचा डबा कोंबणाऱ्या त्यांच्या माता, एवढाच काय तो गावातला निशाविहार. खरे नाईट लाईफ शिवारात आहे. महावितरणच्या वेळापत्रकाप्रमाणे शेतपंपाची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. तेव्हा डिसेंबराच्या कडाक्यात, डोक्याला मफलर, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात फावडे घेऊन आमचा शेतकरी मध्यरात्री हरभऱ्याला पाणी देत उभा असतो. दिवे लुकलुकतात, कारण व्होल्टेज कमी असते. संगीत रानडुकरांना हाकलण्यासाठी लावलेल्या भोंग्याचे असते. पाहुणे म्हणून रोही येतात, ते प्रवेशमूल्य देत नाहीत आणि जेवण करून जातात. वीज केव्हा जाईल यावर पैजा लागतात, पण त्या पैशाच्या हारजितीवर नसल्याने 12 (अ) च्या कक्षेत येत नाहीत. अलीकडे सौर पंप बसू लागले आहेत आणि त्यामुळे हे नाईट लाईफ काही गावांतून अस्तंगत होत आहे. त्याच्या पुनरुज्जीवनाची मागणी मात्र अजून कोणा आमदाराने केलेली नाही.

गेल्या रविवारी न्यायपीठापुढे असा प्रस्ताव आला, की महाराष्ट्राने कधीकाळी मन बदललेच तर पहिला कॅसिनो चिखलीच्या वाट्यास यावा. प्रस्तावक अर्थातच अडते. प्राप्तिकरमुक्त चिखली त्यांच्या डोळ्यांपुढे उभी होती. जहाजास पाणी पाहिजे, तर पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात उगम पावते आणि पेनटाकळीच्या धरणात तिचे पाणी आहे. तेथे एक जहाज सोडावे, चौफुलीवरून गाड्या सुटाव्यात, गावात लॉज निघावेत, आणि हरलेल्यांनी परतीच्या भाड्यासाठी आपले सोयाबीन आपल्याच अडतीवर घालावे, इतकी साखळी त्यांनी जुळवून आणली होती. नायब तहसीलदारसाहेबांनी चष्मा पुसला. अवर्षणाच्या साली एप्रिलअखेर धरण तळाला जाते, हे त्यांनी निदर्शनास आणले. पाणी ओसरले की जहाज गाळावर टेकणार. टेकले की ते जहाज न राहता जमिनीवरील वास्तू ठरणार. आणि तत्क्षणी आतील प्रत्येक टेबल हा अड्डा, प्रत्येक पर्यटक हा इसम व प्रत्येक टिकली हा मुद्देमाल होणार. सबब, जहाजाखाली पाणी आहे किंवा कसे याची रुजुवात करण्यासाठी एक तलाठी तेथे कायम नेमावा, त्याने रोज सकाळी बुडाशी काठी घालून नोंदवहीत दाखला करावा, आणि पाणी हातभर उरताच खेळ तहकूब करण्याची नोटीस डकवावी, अशी उपसूचना त्यांनी मांडली. उन्हाळ्यात जहाज रिकामे ठेवायचे म्हटल्यावर अडत्यांचा चेहरा पडला. तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री चालवीत असलेले मालक मान वर न करता म्हणाले, “काऊन रिकामं ठेवता साहेब? गाळात असलं तं रमी चालू द्या. ते कौशल्य हाय.”